डाव्या खुब्याचं खूळ

३ जून, सकाळी ५.४०
कन्येचा हर्डल्सचा सराव. कोच मीच, दुसरा परवडणार नाही आणि लागतही नाही. डावा खुबा दुखतो म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं! निवड चाचणी सहा आठवड्यांवर आली की सगळ्यांचंच काही ना काही दुखतं. निदान: आखडलाय. उपाय: माझं खास स्ट्रेचिंग. पाठीवर झोपवायचं, गुडघा छातीकडे, मग आत वळवून दाबायचा. तीस आकडे.

४ जून
ओरडली. म्हणजे लागू पडतंय.

११ जून
आकडे साठ केले. कन्येची आई म्हणते डॉक्टरांना दाखवा. हिने आयुष्यात कधी शिटी वाजवलेली नाही. संकल्प: घरात मैदानाचे विषय बंद.

१९ जून
आज ओरडली नाही. प्रगती. (ओठ चावत होती. जिद्द माझ्यावर गेलीय.)

२ जुलै
तिसऱ्या हर्डलवरून उतरली ती खालीच बसली. उठता येईना. नाटकं पुरे, असं मी मोठ्याने म्हणालो. सगळ्या मुली बघत होत्या. तिला ऐकू गेलं नसावं. वारा होता.

५ जुलै, हॉस्पिटल
सर्जनबाई वयाने लहान. त्यांना माझा अनुभव सविस्तर सांगितला. मग त्यांनी कन्येला पाठीवर झोपवलं, गुडघा छातीकडे नेला, आत वळवला. ती कळवळली. बाई तिथल्या तिथे थांबल्या, तिला सॉरी म्हणाल्या. सांध्याच्या कडेची गादी फाटली की नेमकं असंच केल्यावर दुखतं म्हणे. तपासताना एकदाच करायचं, उगाच नाही.
मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत राहिलो.
घरी काय व्यायाम करतेस, बाईंनी विचारलं. साधंच स्ट्रेचिंग, कन्या म्हणाली. मला सांभाळून घेतलं तिने. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. लाज वाटली, म्हणून नाही उघडलं.

१६ जुलै
काल निवड चाचणी झाली. आमच्याशिवाय.
आज दुर्बिणीचं ऑपरेशन. दोन-तीन छोटी छिद्रं, आत कॅमेरा. बघायचं आणि तिथेच शिवायचं. बाईंनी नंतर फोटो दाखवले. गादीची कड जुन्या टॉवेलसारखी विसविशीत. वाढीच्या वयात हाडाला उंचवटा आला होता, तो घासत होता, त्यानेच सुरुवात झाली म्हणाल्या. सुटलो! मग म्हणाल्या, दुखायला लागल्यावर थांबली असती तर एवढं फाटलं नसतं.
संकल्प: शुद्धीवर आली की माफी मागायची.

१६ जुलै, संध्याकाळी
शुद्धीवर आली. भूक लागलीय का, विचारलं. माफी उद्या.

१७ जुलै
पाहुणे फार.

१९ जुलै, घरी
फिजिओने शिकवून ठेवलंय: घरच्या कोणीतरी पाय अलगद धरून हळूहळू गोल फिरवायचा, रोज दोनदा. हे तर माझंच क्षेत्र. हात धुतले, पलंगापाशी गेलो. कन्येने पाय आखडून घेतला. तोच, टाक्यांचा. दुखलं असणार, डोळ्यांत पाणी आलं. तरी हसली. म्हणाली, बाबा, आईला बोलवता का, तुम्ही दमला असाल.
मी दमलो नव्हतो. हो म्हणालो.