ताण तोडायचा दिवस

प्रिय आत्याबाई,

संत्र्याचा ताण तोडून उद्या पाणी सोडायचं की नाही, हे आज मला ठरवायचं होतं, आणि विचारायला तुम्ही नव्हतात. म्हणून हे पत्र. तुम्हाला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. पण सासूशिवाय मी हे दुसऱ्या कुणाला लिहू?

ह्यांनी बगीच्यात ओलावा मोजायचं यंत्र बसवलंय. चार दिवसांपासून ते मोबाइलवर सांगतंय, पाणी द्या. हेही म्हणतात, देऊन टाक. शेजारचं ड्रिप सुरूसुद्धा झालं. आणि मी आपली भरदुपारी पानं गालाला लावत फिरते! पाणी पिणाऱ्या झाडाचं पान गार लागतं, तहानलेल्याचं कोमट, हे तुमच्याकडूनच शिकले.

माझा पहिला ताण आठवतो? महिनाभर तहानलेलं ठेवल्याशिवाय झाड फुलत नाही, हे मला पटतच नव्हतं. माना टाकलेली पानं बघवेनात. तुम्ही दोघं चांदूर बाजारला गेलात, तेव्हा मी चोरून तीन ओळींना पाणी सोडलं. त्या ओळी नुसत्या पालवल्या, फूल म्हणून नाही! मामाजी भडकले, तर तुम्ही बेधडक सांगितलंत की निघताना पाण्याचा कॉक तुमच्याच हातून उघडा राहिला. किती सफाईनं खोटं बोलायचात हो! मग मला बाजूला घेऊन म्हणालात,

"दुपारचं पान पाहून भिऊ नोको. सकायी पाह्यजो. रातभरात उभं रायलं तं झाडात दम हाय. नाही रायलं तं मंग कोणाले इचारू नोको, पाणी सोडजो."

एक विचारू? दवाखान्यात शेवटचे दोन दिवस तुम्ही पाणी मागत होतात. तोंडानं काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ओल्या कापसानं ओठ पुसत बसले. गाल किती तापला होता तुमचा! झाडांसाठी चोरी करणारी मी, तुमच्या वेळी मात्र शहाण्यासारखी वागले. रागावलात का माझ्यावर? डॉक्टरांचं बरोबरच असेल, पण मला अजून घास गिळताना ते आठवतं.

आज उजाडताच बगीच्यात गेले. पानं ताठ उभी होती. उद्या पाणी नाही, असं ह्यांना सांगितलंय. कुरकुरले, पण ऐकलं.

ज्या सकाळी पानं उभी राहणार नाहीत, त्या सकाळी मी ताण तोडीन. पण मोटर सुरू करण्याआधी एक गडवा पाणी तुमच्या नावानं ओतीन. तेवढं माझ्या हातचं प्या, आत्याबाई.

तुमची सून,
रेखा