बॉनेटवरची पाच बोटं

अहो,

आज मी जिंकले! ऐकायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे. पत्र तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवीन.

तुमच्यानंतर आपली करडी गाडी माझ्या नावावर झाली आणि महिन्याभरात इथल्या एका खासगी डच पार्किंग कंपनीची दंडाची नोटीस आली. म्हणे, गाडी मास्ट्रिख्टला एका दुकानामागे दिवसभर उभी होती. ती तर इथे, फेल्डहोवनला, आपल्या दारात होती!

यतीन फोनवर म्हणाला, "आई, जस्ट पे इट. गाडी तुझ्या नावावर आहे, ते तुलाच धरणार."

"न केलेल्या चुकीची शिक्षा मी शाळेत सिस्टर फिलोमिनाकडूनही घेतली नव्हती," मी म्हटलं आणि कंपनीकडे फोटो मागितला.

फोटोत गाडी आपल्यासारखीच, नंबरही आपलाच. पण बॉनेट स्वच्छ! तुमच्या शेवटच्या दसऱ्याला मी त्यावर तेल-कुंकवाची पाच बोटं ओढली होती, आठवतं? "अगं सुनेत्रा, रंग घालवलास ना!" म्हणत तुम्ही दोन दिवस घासत होतात. डाग काही गेले नाहीत.

त्या डागांचा फोटो काढला, शाळेतल्या वळणदार अक्षरात इंग्रजी पत्र लिहिलं आणि दोन्ही पाठवलं. आज उत्तर आलं. कुणीतरी आपल्या नंबरची खोटी पाटी लावून फिरत होतं. दंड रद्द, वर माफी!

तुम्ही असतात तर मुकाट्याने भरून मोकळे झाला असतात, खरं सांगा.

येत्या दसऱ्याला पाचही बोटं पुन्हा ओढणार आहे, जरा ठळकच. रागवायला या.

गाडीची मालकीण,
सुनेत्रा