आई १, आई २

पांढुर्णा,
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय भूपेंद्र भाऊजी,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. मृगाची संत्री निघू लागली आहेत. तुमचे दादा सकाळी सौसरच्या दुकानात जातात ते संध्याकाळीच येतात. थंडी सरत आली. झाली खुशाली.

हातानं लिहिलेलं पत्र बघून हसू नका. तुम्ही जोडून दिलेल्या त्या कॉम्प्युटरला मी आता बोट लावत नाही. मला त्याची शिसारी आली आहे.

दिवाळीत किती हौसेनं बसला होतात! पत्त्यांचा प्रोग्राम वेगळा, मेलचा वेगळा, कॅलेंडरचा वेगळा आणि प्रत्येकाची माहिती निराळ्या जागी, हे तुम्हाला बघवेना. "वयनी, घर एक त डेटाबेस एकच पाह्यजे. एकदा टाका, सगळीकडं दिसते." दुकानातला, माझा आणि सासूबाईंच्या उशाशी ठेवलेला, असे तिन्ही कॉम्प्युटर एकाच साठ्याला जोडलेत. एका नावाची दोन माणसं दिसली की त्यांचं एकच करायचं, हेही त्याला शिकवून ठेवलंत. अक्कल पाजळलीत, दुसरा शब्द नाही.

अहो, आपल्या घरात 'आई' या नावाखाली किती जणी असतात, एवढंही सुचलं नाही? तुमच्या लेखी आई म्हणजे अंबाबाई, माझ्या सासूबाई. माझ्या यादीतली आई म्हणजे लोधीखेड्याची माझी आई. सासूलाही आईच म्हणायचं हे मला माहेरी शिकवलं होतं. तुमच्या यंत्रानं ते फारच मनावर घेतलं.

दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून मी माझ्या आईला मेल लिहायची. मागच्या आठवड्यात असाच एक लिहिला. त्यात काय होतं ते विचारू नका. तो दोघींना गेला.

आईंची नजर अधू, म्हणून आलेला मेल मोठ्यानं वाचून दाखवायची सोयही तुम्हीच करून दिली होती. मी त्यांच्या अंगाखालची ओली चादर काढत होते, तेवढ्यात उशाशी ते मशीन गोड आवाजात बोलायला लागलं. आम्हाला वाटलं तुमचं पत्र आलं. आई मान वळवून हसल्या आणि ऐकू लागल्या.

मी फोन केला तर तुम्ही म्हणालात, "काही नाही वयनी, मिनटाचं काम आहे. एकीले आई १ करू, एकीले आई २. एक नंबरवर कोनाले ठेवू?" मला ओकारी आली, भाऊजी.

आता लिहूनच टाकते. त्या मेलमध्ये होतं: 'कितीही साबण लावला तरी हाताचा वास जात नाही. मला त्यांच्या अंगाची किळस येते. यातून कधी सुटेन असं झालं आहे.' मशीननं शेवटपर्यंत वाचलं. बंद करायचं सुचलंच नाही, माझ्या हातात चादर होती.

तेव्हापासून आईंनी पाणी पिणं सोडलं आहे. प्यायलं नाही म्हणजे चादर ओली होणार नाही. ओठ सोलून निघाले आहेत. असंच चाललं तर किडन्या जातील, असं डॉक्टर म्हणाले. "धना, इकडं ये वं" म्हणणाऱ्या बाई, मी पेला पुढे केला की म्हणतात, "राहू द्या जी. तुमाले कायले तरास?" लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तुमच्या दादांच्या हातचंही घोटभरच घेतात. "पुन्हा तिलेच धुवा लागन," म्हणतात.

म्हणून सांगते, रजा काढा आणि मिळेल त्या गाडीनं या. तुमचं त्या ऐकतात. त्यांना सांगा, किळस येते हे खरं आहे, ते मी मागे घेत नाही. कोणाला येणार नाही? पण चादर मीच बदलते आणि उद्याही मीच बदलणार, तेही तितकंच खरं. ते मी कधी कुणाला लिहिलं नव्हतं, म्हणून मशीनला वाचता आलं नाही.

आता लिहिलं आहे. त्यांच्याजवळ बसून हे पत्र तुम्ही तुमच्या तोंडानं वाचा. पाण्याचा पेला मात्र मीच पुढे करीन.

चादर ओली व्हायची वाट बघणारी,
धनश्री