भावोजींनी मंजूर केलेला गुडघा

मंगळवार, ११ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. ही वेळ आधी एका कागदावर लिहून घ्या, भावोजी, आणि मग पुढे वाचा.

तुम्ही वयाने धाकटे म्हणून आशीर्वाद आणि हुद्द्याने थोर म्हणून नमस्कार; पत्र उघडताना अंगावर जो वेष असेल त्याप्रमाणे एक ठेवून घ्यावा, दुसरा परत करावा. जाऊबाईंची पाठ आता कशी आहे? वाकून कुंड्यांना पाणी घालू नका म्हणावं त्यांना. हे पत्र त्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. किंबहुना त्यांनीच आधी वाचावं. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला.

तर त्या वेळी, माजी सैनिकांच्या इस्पितळात, तुम्ही अध्यक्ष आहात त्या मंजुरी समितीच्या खोलीत तुमचे सख्खे थोरले भाऊ एक गोष्ट मागायला गेले आणि दुसरीच घेऊन बाहेर आले. मी दाराबाहेर बाकावर बसले होते. आत गेले ते सरळ चालत. बाहेर आले ते लंगडत.

"काय झालं?" मी विचारलं.

"मंजूर झालं."

"इतक्या लवकर?"

"गुडघा," हे म्हणाले, आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाकावर ठेवला. (मंजूर डावा झाला आहे. घरी विसरून कधी कधी उजवा लंगडतात.)

मागायचं काय होतं ते आता सांगते. तुम्ही डॉक्टर आणि मी कॉन्व्हेंटची, तेव्हा स्पष्ट बोलायला दोघांनाही अडचण नसावी. (आमच्या सिस्टरांनी वर्गातल्या मानवी शरीराच्या तक्त्याला कमरेच्या खाली टाचण्यांनी तपकिरी कागद लावला होता. पुरुषाला तिथे पुढे कागदच असतो अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पण उच्चार स्पष्ट करायला मात्र त्यांनीच शिकवलं, त्यामुळे जे म्हणायचं ते मी खणखणीत म्हणते.) हे तुमच्याकडे लिंगात बसवायचं इम्प्लांट मागायला आले होते.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या इस्पितळाने यांची प्रोस्टेटची गाठ काढली, जीव वाचवला. रोज सकाळी यांचा खोकला ऐकला की मी तुमच्या सगळ्या सर्जनांना मनातल्या मनात हात जोडते. पण दोन लढायांतून अख्खा परत आलेला माणूस शांततेच्या काळात, एका स्वच्छ टेबलावर, ती एक गोष्ट ठेवून आला. घरी आले आणि चौथ्या दिवशी उशी उचलून बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायला गेले. कारण काय, तर म्हणे मी घोरतो. भावोजी, हा माणूस जन्मात घोरलेला नाही. हे मी बायको म्हणून नाही, टेलिफोन ऑफिसातली सुपरवायझर म्हणून सांगते. लग्नाआधी हे सरहद्दीवरून ट्रंककॉल लावत, तेव्हा मी बोर्डावर असे. इतरांची वेळ संपली की मी तार काढून घ्यायची; यांची काढली नाही. बोलायचं संपून जायचं, मग नुसताच श्वास यायचा, आणि त्याच्या मागे तारेचं ते गुंजन, बर्फावरून, पुलांवरून, कुणाकुणाच्या झोपेवरून चालत आल्यासारखं. कधी हे चौकीत तसेच झोपी जात आणि मी कानाला लावून बसे. तो श्वास मला पाठ आहे. भिंतीपलीकडून आता जो येतो तो जागा असतो.

या वयात कशाला, असं जाऊबाईंच्या मनात आलं असेल तर त्यांना सांगा, आम्हांला त्या वाटेने रोज फिरायला जायचं आहे असं नाही. 'वाट बंद' ही पाटी तेवढी काढून हवी आहे. ती पाटी वाचूनच हे परत फिरतात.

तुमच्याकडची ती तरुण सर्जन बाई मोठी समजूतदार निघाली. तिने टेबलावर नमुना ठेवला: दोन बारीक नळ्या, सलाइनची इवलीशी पिशवी, आणि लिंबाएवढा पंप. दाबला की भरतं, बाजूची कळ दाबली की रिकामं. हे छताचा रंग बघत बसले, म्हणून चालवून मीच बघितलं. (हळूच सुस्कारा सोडतं. मला आवडलं.) तिने शिफारस लिहून पाकिटात घालून दिली आणि सांगितलं, मोठं इम्प्लांट असेल तर माजी सैनिकाने समितीसमोर येऊन स्वतःच्या तोंडाने मागायचं असतं, असा नियम आहे. त्या मंगळवारी नंबर यायची वाट बघत बाकावर बसले असताना माझा डोळा लागला. खिडकीतून ऊन फरशीवर सरकत होतं, माशांच्या पेटीत बुडबुडे चढत होते, समोर म्हाताऱ्या सैनिकांची रांग छातीवर हनुवट्या टेकून पेंगत होती. स्वप्नात प्रत्येकाच्या मुठीत तो लिंबाएवढा पंप. एकेकाने दाबला आणि एकेक जण खुर्चीसकट अलगद वर तरंगायला लागला, काठ्या खाली राहिल्या, कवळ्या हसत होत्या, आणि सगळी पलटण पंख्याला वळसा घालून खिडकीतून बाहेर गेली. यांचा हात मी धरला होता. नंबर पुकारला गेला आणि तो सुटला.

आणि आत खुर्चीत तुम्ही. तुम्ही अध्यक्ष झालात हे आम्हांला कुणी कळवलं नव्हतं. घरी तुम्ही दादा आल्याशिवाय पानावर बसत नाही. तिथे दादांनी टाचा जुळवून तुम्हांला सॅल्यूट केला, हवालदाराने कर्नलला करायचा तसा. तुम्ही म्हणालात म्हणे, "बसा दादा, काय हवं ते मोकळेपणाने मागा." ज्याच्या लहानपणी आपण चड्ड्या धुतल्या त्याला आत्ताच सॅल्यूट ठोकलेला माणूस मोकळेपणाने काय मागेल? पाकीट आतल्या खिशात राहिलं आणि तोंडातून गुडघा आला. तुम्हीही असे प्रेमळ, की दुपारच्या आत फोटो काढवलात. हाडांचा डॉक्टर म्हणाला, घासलाय. एकाहत्तराव्या वर्षी कुणाचा घासलेला नसतो? माझे दोन्ही जिना चढताना सुपारी फोडल्यासारखे वाजतात, त्यांना कुणी विचारत नाही.

आता सोमवारी, २४ तारखेला, तुम्ही त्यांचा धडधाकट गुडघा कापणार, आणि हे कापून घेणार. मी डोकं फोडून पाहिलं.

"अहो, चालता-बोलता गुडघा द्यायचा?"

"आता शब्द दिलाय."

"कुणाला?"

"समितीला."

"समिती म्हणजे तुमचा धाकटा भाऊ."

"घरी. तिथे नाही."

काठी आणली आहे, सकाळ-संध्याकाळ व्यायाम चालू आहे, आणि दुखतो कुठे विचारलं तर जागा दाखवतात. गुडघे, खुबे, कान, डोळे सगळं तुम्ही देता. माणूस परत धडपणे चालावा, ऐकावा, बघावा म्हणून. कशाकडे चालावा, हे समितीने कधी विचारात घेतलं आहे का?

रागावलेली, पण अजून नात्यातलीच,
तुमची वहिनी

ता. क. खरी विनंती राहिलीच. समितीची पुढची बैठक मंगळवारी, १८ तारखेला आहे. त्या सकाळी तुम्हांला ताप यावा. कोणता ते तुम्ही डॉक्टर आहात, ठरवा. खुर्चीत कुणीही परका कर्नल चालेल. परक्यासमोर हे तोफेच्या तोंडीही उभे राहिलेले आहेत. पाकीट अजून त्याच कोटाच्या खिशात आहे, मी तो कोट धुवायला दिलेला नाही. मी लिहिलं हे त्यांना कळता कामा नये.

आणखी ता. क. पत्र कालच टाकणार होते, पण पाकिटाला डिंक मिळेना. दुपारी पडले होते तर हे उशी घेऊन दारात उभे. दिवाण फार खाली आहे, म्हणाले, या गुडघ्याने उठवत नाही. मी सरकले. पडदा हलत होता, उन्हाचा पट्टा पलंगावर आला आणि गेला, मंजूर गुडघा यांनी माझ्या अंगावर टाकला आणि झोपले. घोरले नाहीत. कान लावला तर तेच ते गुंजन.

तेव्हा गुडघा रद्द करू नका. तारीख पुढे ढकला, आणि मग पुन्हा पुढे. तो मंजूर आहे तोवर दिवाण खालीच राहील.

दोन्हींचं लेखी उत्तर सोमवारी, १७ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावं, पत्ता जाऊबाईंच्या अक्षरात. फोन करू नका. फोन हे घेतात, आणि तुमचा आवाज ऐकला की उठून उभे राहतात. दुपारचे मला ते आडवेच हवे आहेत.