‘झालं’ म्हणणाऱ्या कार्डाचा बंदोबस्त

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (वाकताना मान ताठ ठेवली आहे, तेवढं आज समजून घ्या. कारण खाली येतंच आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला गेला असं तुमच्या भावाने सांगितलं, म्हणजे बहुधा गेला नसावा. आम्ही दोघं बरे आहोत, त्यातली मी जरा जास्तच. पत्र मुद्दाम कागदावर लिहितेय, कारण डिस्कवर लिहिलेल्या कशावरही सध्या माझा विश्वास उरलेला नाही.

तर वन्सं, तुमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचा रोग सापडला, औषध सापडलं आणि ते औषध माझं आहे. लग्नाचे फोटो अर्धे करडे निघाले, नवरीच्या आईने भर दुकानात तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं, हे सांगताना तुम्ही फोनवर रडलात ना, तेव्हाच मी पदर खोचला होता. (अंगात पँट होती, पण खोचला.) रोग असा: कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यामध्ये एक कार्ड असतं, मधल्या कारकुनासारखं. कॉम्प्युटर त्याच्या हातात फोटो देतो. त्याने तो डिस्कवर उतरवायचा आणि ‘झालं’ म्हणून कळवायचं. तुमचं कार्ड काम अर्धवट असतानाच ‘झालं’ म्हणतं. कॉम्प्युटर बिचारा विश्वासाने पुढचा फोटो देतो आणि मागचा नवरदेव कमरेपासून खाली बेपत्ता होतो. या कार्डाशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला शिकवणारा जो प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तो आमचाच हौशी प्रोग्रॅमरांचा गट फुकटात सांभाळतो. तेव्हा पाप आमच्याच माथी.

दुरुस्ती कशी करायची यावर गटात तीन तट पडले. तुमच्या बंधुराजांचं म्हणणं, कार्ड स्वभावाने वाईट नाही, त्याला वेळ द्या. ‘झालं’ म्हणाल्यावर क्षणभर थांबा, तेवढ्यात ते उरलेलं उरकून टाकेल. माझं म्हणणं, त्याच्या शब्दावर जायचंच नाही. थेट डिस्कला विचारायचं, बाई गं, खरंच झालं का? जो माणूस सोफ्यावरून न उठता ‘गॅस बंद केला’ असं सांगतो, तो या कार्डाची बाजू घेणार यात नवल ते काय? तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. तिसरा तट आजोबांचा. (आजोबा कुणाचेच नाहीत, ड्रायव्हरचा कारभार वर्षानुवर्षं तेच बघतात, म्हणून नाव पडलं.) चूक कार्ड बनवणाऱ्याची, असलं जुनं कार्ड आता वापरतं कोण, ड्रायव्हरच काढून टाका, असा त्यांचा निकाल. म्हणजे रोग बरा करण्याऐवजी रोग्यालाच पोचवून यायचं आणि तुमचा स्टुडिओ बंद पाडायचा.

गटातलं भांडण लेखी चालतं आणि सगळ्यांना दिसतं, त्यामुळे तिथे आम्ही नवराबायको एकमेकांना ‘आपण’ म्हणतो. हा बाहेरच्या खोलीतून लिहिणार, ‘आपल्या सूचनेमुळे वेग मंदावेल, असे नम्रपणे वाटते.’ मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून उत्तर देणार, ‘आपला नम्रपणा पोचला, आकडे पोचले नाहीत.’ आणि लगेच भिंतीपलीकडून हाक, “अगं, चहा ठेवतेस का?” एकदा मी “ठेवला” असं सांगून तशीच बसून राहिले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, थांब थोडा वेळ, होईल. बराच वेळ थांबला, पण मत काही बदललं नाही.

शेवटी छापखान्यावरच्या भाड्याच्या खोलीत गटाची बैठक भरली. तुमच्यासारखंच एक जुनं कार्ड बाजारात धुंडाळून आणलं होतं, ते कॉम्प्युटरला जोडलं. चाचणीला फोटो कुठला घ्यायचा यावरही वाद (या लोकांना वादाला विषय लागत नाही), म्हणून मी स्वतः काढलेला आजोबांचाच एक फोटो पुढे केला. खुर्चीत बसलेले, पायात नवे बूट. आधी तुमच्या भावाची दुरुस्ती. पहिले बरेच फोटो स्वच्छ उतरले. हा माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागला. मी मनात म्हटलं, डिस्क तापू दे. तापली. काम रेंगाळायला लागलं, याचा तो क्षणभर अपुरा पडला आणि पडद्यावर आजोबा आले ते फक्त मिशीपर्यंत. खाली नुसता करडा रंग. हसायची कुणाची हिंमत होईना, कारण आजोबा पुढे होऊन स्वतःला शोधत होते. मग माझी दुरुस्ती लावली. त्याच तापल्या डिस्कवर आजोबा बुटांच्या नाड्यांसकट उतरले, पुन्हा उतरले, लोक कंटाळले तरी उतरतच राहिले. “हिची घ्या,” एवढंच ते म्हणाले. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या तुमच्या भावाने. त्यासाठी मी त्याला माफ केलं, गॅसपुरतं.

आजोबांनी एक अट तेवढी घातली आहे. जिची तक्रार, तिच्याच यंत्रावर दुरुस्ती चालली पाहिजे आणि तिने तसं महिनाअखेरपर्यंत कळवलं पाहिजे. नाहीतर दुरुस्तीही बाहेर आणि ड्रायव्हरही बाहेर. मी छाती ठोकून सांगितलं, नणंद आहे माझी, तिचा सगळा स्टुडिओ त्याच कार्डावर चालतो. सोबत दुरुस्तीची सीडी आहे. भावोजींना नमस्कार, मांजरीला माझ्याकडून कुरवाळा. कळवायचं ते ऐटीत कळवून झालं.

तुमची विजयी भावजय

ता. क. मोठ्या मनाने सांगते: डिस्कला लगेच विचारलं तर ती गोंधळते, म्हणून विचारण्याआधी क्षणभर थांबावं लागतं. ती थांबायची ओळ तुमच्या भावाची आहे. एकच ओळ. तो मात्र ‘आमची दुरुस्ती’ म्हणत गावभर हिंडतोय.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात तुमचा भाऊ म्हणाला, ताईने नवा कॉम्प्युटर घेतलाय, जुना भंगारात देणार म्हणत होती. कधी म्हणाली? तर बैठकीच्या आधी. मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, “सांगितलं ना तुला.” आत्ता फोन लावतेय, तर तुमच्याकडे कुणी उचलत नाही. वन्सं, हात जोडते, तो जुना डबा दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर भावोजींना खोकल्यासकट भंगारवाल्याच्या मागे पळवा. सीडी घाला, मांजरीचे का होईना, शंभरेक फोटो उतरवा आणि ‘चालतं’ एवढं लिहून पाठवा. हा म्हणतोय, कशाला घाबरतेस, डबा ठेवून घ्यायला मी ताईला केव्हाच सांगितलंय. म्हणूनच घाबरलेय. उत्तर थेट मला द्या.