तिसऱ्या रांगेतला सूर

मी, ज्याला हे गाव गेली चाळीस वर्षे बँडमास्तर म्हणते, वय एक्काहत्तर, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र वकिलांना सांगून लिहवून घेत आहे. कोणाचेही दडपण नाही. मेहुण्याने आणून पाहिले, पण तो बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो, त्यामुळे त्याच्या मनातले मला दुरूनच ऐकू येते.

कलम एक. घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. बँकेतली शिल्लकही तशीच वाटावी. तिच्यावर अधिक लिहावे एवढी ती नाही. तळमजल्यावरची तालमीची खोली मात्र बँडची. तिथल्या छताला गळती आहे, ती ट्रॉम्बोनवाल्यांच्या बाजूला आहे, आणि ती तशीच राहू द्यावी. ते उशिरा येतात.

कलम दोन. सोनेरी झालरीचा कोट, सात पदकांसह, मेहुण्याला. त्याचा डोळा त्यावर पहिल्यापासून आहे. त्याने एवढे ध्यानात ठेवावे की तीन पदके बंद पडलेल्या अग्निशामक दलाची असून उरलेली शिंप्याने शोभेसाठी लावली आहेत. मी या देशात आलो तेव्हा माझ्याजवळ बायको (ती आता नाही), एक ट्रंक आणि कॉर्नेट होते. कॉर्नेट म्हणजे तोंडाने फुंकायच्या पितळी ट्रंपेटची आखूड, गुबगुबीत बहीण. बंदरावर जकात कारकुनाने ते उलटेसुलटे केले आणि विचारले, "विकायला आणलंय का?" मला भाषा येत नव्हती. जहाजावरच्या स्वयंपाक्याने अर्थ सांगितला. मी तिथेच उभे राहून आमच्याकडची लग्नातली एक धून वाजवली. रांगेतली माणसे ठेका धरू लागली, कारकुनाने शिक्का मारला. पुढे वर्तमानपत्रवाल्याला मी सांगितले की मी राजदरबारातला मुख्य वादक होतो. आमच्या देशात तेव्हा राजा उरला नव्हता, हे कोणी विचारले नाही, मीही आपणहून सांगितले नाही.

कलम तीन. माझी कवळी मुलाला परत द्यावी. तो दातांचा डॉक्टर आहे, ती त्यानेच केली. कवळीची गरज का पडली ते सांगतो. अकरा वर्षांपूर्वी बागेतल्या कार्यक्रमात टाळ्या थांबेनात, म्हणून मी वाकलो. आणखी टाळ्या, आणखी वाकलो. तिसऱ्यांदा समोरच्या लोखंडी स्टँडवर तोंड आपटले आणि वरचे चार दात गेले. कवळी बसवताना मुलगा म्हणाला, "बाबा, हिनं पाव चावता येईल. कॉर्नेट विसरा."

कलम चार. हे सांगायला नको वाटते, पण सांगतो. त्या दिवसापासून मी कॉर्नेटमधून एकही सूर काढलेला नाही. लोक ज्याला मास्तरांचा उंच सूर म्हणतात, तो माझ्या मुलीचा आहे. ती तिसऱ्या रांगेत, मोठ्या भोंग्यांच्या आड, दुय्यम कॉर्नेट वाजवते. मी पुढे उभा राहून गाल फुगवतो, तीन कळा दाबतो, डोळे मिटतो. युक्ती तिचीच. पहिल्या दिवशी मी तोंड लपवून बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही फक्त बोटं बरोबर हलवा, बाबा. बाकी मी बघते."

एका रविवारी ऐन उंच सुराला तिला शिंक आली. माझी बोटे चालू, आवाज नाही. समोर एकदम शांतता, आणि मग टाळ्यांचा कडकडाट. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या जाणकाराने 'मौनाचे धाडस' असा मथळा दिला. पुढचे दोन महिने लोक तेच मौन पुन्हा मागत होते. गेल्या अकरा वर्षांत मी खरोखर एकट्याने सादर केलेली तेवढीच एक गोष्ट.

आता लाजेची बाब. मागच्या वर्षी मुलीने बँडच्या समितीपुढे एका सोलोची परवानगी मागितली. एकाच. समितीने माझ्याकडे पाहिले. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दम कच्चा आहे अजून तिचा." ती "बरं, बाबा" म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन बसली. संध्याकाळी माझा सोलो नेहमीसारखाच झाला. तिने एक सूरही कमी दिला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि लागायला नकोच होती.

कलम पाच. कॉर्नेट, त्याची पेटी, तेलाची बाटली आणि पहिल्या रांगेतली मधली जागा मुलीला. माझ्यामागे मेहुण्याला बँडमास्तर करायचे समितीत घाटते आहे; त्यांनी कलम चार मोठ्याने वाचावे, मग बोलावे.

इथे वकिलांनी लेखणी थांबवली. "मास्तर, हे सगळं तुम्ही गेल्यावर कळणार. तोवर?"

"तोवर ती मागेच," मी म्हणालो, आणि माझे मलाच ऐकवेना.

म्हणून कलम पाच मी मरण्याची वाट न पाहता उद्याच्या रविवारपासून लागू. मृत्युपत्रात असे चालत नाही, असे वकील म्हणतात. तर मग ते मृत्युपत्राबाहेर समजावे. छापखान्यात निरोप गेला आहे. कार्यक्रमपत्रिकेत सोलोपुढे तिचे नाव आहे. मी तिसऱ्या रांगेत, तिच्या खुर्चीवर बसेन आणि कॉर्नेट हातात धरणार नाही.

स्थळ: तालमीची खोली, गळती नसलेली बाजू.
दिनांक: सतरा ऑक्टोबर, शनिवार, दुपारी चार.

सही: बँडमास्तर

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा घड्याळजी (सही)
साक्षीदार दुसरी: बँडचे कपडे धुणारी शेजारीण (सही)

ता. क. तिसरी सही मुलीची हवी होती. वकील म्हणाले, जिला काही मिळते आहे तिने साक्षीदार होऊ नये. अकरा वर्षे तिला काहीच मिळत नव्हते, तेव्हा साक्षीदार ती एकटीच होती.