जुना राहिलेला पत्ता

नाशिक, मंगळवार, १४ सप्टेंबर २००४

दादाला जाऊन महिना झाला. सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्यासाठी त्याने लिहिलेला प्रोग्राम आठवडाभर उघडताच बंद पडत होता. ते व्यापारी शेठ म्हणाले, "तुझ्या दादाचं काम कच्चं निघालं." खरंच कच्चं होतं का? आज कळलं. लवकर उघडावा म्हणून मीच प्रीलिंक केलं होतं, म्हणजे लायब्ररीतले, प्रोग्राम वापरतो त्या तयार कोडच्या संचातले, पत्ते प्रोग्राममध्ये आधीच भरले होते. दहाव्यानंतर कामाला लागलो, गेल्या आठवड्यात लायब्ररी नवी टाकली आणि एक पत्ता जुनाच राहिला; प्रोग्राम चुकीच्या जागी जाऊन बंद पडायचा. प्रीलिंक काढलं, चाललं. दादाच्या एकाही ओळीला हात लावला नाही.

शेठना फोनवर सांगितलं, चूक माझी.

"आता चालू शे ना? मंग झालं."

"दादाचं काम पक्कं होतं, एवढं म्हणा."

"पक्कंच व्हतं, भाऊ."

मग फोन ठेवला.